समुद्रात गेलेलं केमिकल पुढं कुठं जातं? त्याचं मॉडेल बनवायला शिका, पायरी पायरीने

गोवा विद्यापीठात किंवा फोंडा, डिचोली, म्हापशाच्या कॉलेजांत शिकणारी मुलं-मुली बरेचदा विचारतात, की पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायचं ते), पीएफएएस (पाणी-तेल चिकटू न देणारी फ्लोरिनची केमिकल्स) वगैरे जी वर्षानुवर्षं न संपणारी केमिकल्स आहेत ती जगभरच्या समुद्रात कशी पसरतात याचं मॉडेल बनवायचंय, सुरुवात कुठून करू, आणि उत्तर द्यायच्या आतच पुढचा प्रश्न येतो, कुठलं सॉफ्टवेअर टाकू लॅपटॉपवर? सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. आधी कागद, पेन, बारावीचं गणित आणि थोडा धीर. हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे, समुद्रशास्त्र शिकलेलं नसलं तरी चालेल, भरती-ओहोटी आणि पावसाळा बघितलेला असला म्हणजे झालं, आणि तो आपल्याकडं सगळ्यांनीच बघितलाय.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी डोक्यात पक्की बसवा. माल गायब होत नाही. माल म्हणजे केमिकलचं एकूण वजन. ते पाण्यात असेल, हवेत असेल, गाळात असेल, माशात असेल किंवा खरोखरच तुटून दुसरं काहीतरी झालं असेल, पण कुठंतरी त्याचा हिशोब लागलाच पाहिजे. ज्या मॉडेलमध्ये हा हिशोब जुळत नाही त्याचे नकाशे कितीही देखणे असले तरी ते बाजूला ठेवायचे.

पायरी १: एक टन केमिकल आणि एक कॅल्क्युलेटर

अरबी समुद्राचं क्षेत्रफळ साधारण ३८.६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे ३.८६ लाख कोटी चौरस मीटर. वरचा ५० मीटरचा थर घ्या, वाऱ्याने घुसळला जाणारा. गुणाकार केला की १९३ लाख कोटी घनमीटर पाणी येतं, लिटरमध्ये सांगायचं तर १९३ वर १५ शून्यं. आता त्यात एक टन केमिकल टाका आणि ते सगळीकडं सारखं मिसळलं असं धरा. एक टन म्हणजे १० लाख ग्रॅम, आणि ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाला पिकोग्रॅम म्हणतात, म्हणजे एका टनात १ वर १८ शून्यं इतके पिकोग्रॅम झाले. भागाकार करा: लिटरला साधारण ५.२ पिकोग्रॅम.

आता या आकड्याकडं जरा थांबून बघा. खुल्या समुद्रात पीसीबी किंवा पीएफओएस (पीएफएएस गटातलंच एक) मोजायला जातात तेव्हा लिटरला काही पिकोग्रॅम ते काही दहा पिकोग्रॅम असेच आकडे येतात. म्हणजे एका अख्ख्या समुद्राच्या वरच्या थरात जाणवेल इतका फरक पडायला हजारो टन लागत नाहीत, थोडेसे टन पुरतात. मला या विषयाची ओढ लागली ती या एका भागाकारामुळं, आणि कुणीही शिकायला आलं की मी आधी हाच करायला लावतो. याने दोन फायदे होतात, एक म्हणजे युनिटची सवय लागते (या कामात निम्म्या चुका नॅनोग्रॅम-पिकोग्रॅम आणि लिटर-घनमीटर यांच्या गोंधळातच होतात), आणि दुसरं म्हणजे पुढं मोठ्या मॉडेलने लिटरला ५००० पिकोग्रॅम असं उत्तर दिलं तर तुम्हाला लगेच खटकतं.

पायरी २: तुमचं केमिकल कशाने प्रवास करतं ते ठरवा

समुद्रापर्यंत आणि समुद्रातून पुढं जायचे तीन मुख्य मार्ग आहेत: हवा, पाणी, आणि पाण्यात तरंगणारे बारीक कण. कुठलं केमिकल कुठला मार्ग धरणार हे त्याच्या काही गुणधर्मांवरून कळतं. हेन्रीचा स्थिरांक सांगतो की ते पाण्यातून हवेत जायला किती उत्सुक आहे. ऑक्टेनॉल-पाणी गुणोत्तर सांगतं की ते चरबीत आणि सेंद्रिय कणांत किती शिरतं. आणि अर्धायुष्य सांगतं की त्या त्या ठिकाणी ते तुटायला किती वेळ लागतो. ठिकाणानुसार हे बदलतं हं, जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले बसू नयेत म्हणून रंगात जे टीबीटी घालायचे ते पाण्यात काही दिवस ते आठवड्यांत तुटतं पण बंदराच्या गाळात वर्षानुवर्षं टिकतं. मुरगावसारखं बंदर आणि आसपासच्या जहाजबांधणीच्या गोद्या डोळ्यासमोर आणा म्हणजे हा फरक का महत्त्वाचा ते समजेल. त्या रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि २००८ पासून लागू झाला, गाळ मात्र तारखा बघून साफ होत नाही.

हे सगळं समजायला एचसीएच या कीटकनाशकापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीतले शेतकरी ज्याला बीएचसी पावडर म्हणायचे तेच हे. त्या एकाच पोत्यात अल्फा, बीटा, गॅमा असे वेगवेगळे प्रकार मिसळलेले असायचे, अल्फा सगळ्यात जास्त, साधारण ६० ते ७० टक्के, आणि बीटा ५ ते १२ टक्के. फॉर्म्युला सगळ्यांचा एकच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. पण अल्फाच्या मानाने बीटाचा हेन्री स्थिरांक जवळपास वीसपट कमी. एवढ्या एका फरकाने दोघांचे रस्ते वेगळे झाले. अल्फा आशियातल्या शेतांवरून वाफ होऊन हवेत गेला, वाऱ्याबरोबर उत्तरेकडं सरकत सरकत थंड हवेत पोचला आणि आर्क्टिकच्या गार पाण्यात उतरला. बीटा हवेत फारसा टिकला नाही, पावसाबरोबर उत्तर पॅसिफिकमध्ये पडला आणि तिथून समुद्राच्या प्रवाहाबरोबर बेरिंगच्या सामुद्रधुनीतून हळूहळू आर्क्टिकमध्ये शिरला, म्हणून उशिरा पोचला.

आणि गोष्ट इथंच थांबत नाही. चीनने १९८३ साली तांत्रिक एचसीएच (म्हणजे हेच मिश्रण) बंद केलं, नंतर सोव्हिएत संघात वापर थांबला, भारतात १९९७ साली बंदी आली. जसजशी हवा स्वच्छ होत गेली तसतसं उत्तरेकडच्या समुद्रातलं अल्फा एचसीएच उलट हवेत यायला लागलं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेरिंग आणि चुकची समुद्रात हे मोजलं गेलं. म्हणजे जो समुद्र इतकी वर्षं माल शोषून घेत होता तोच माल बाहेर टाकणारा झाला. त्यामुळं मॉडेलमध्ये हवा आणि समुद्र यांच्यातली देवाणघेवाण कधीही एकतर्फी ठेवू नका. सूत्र सोपं आहे: एका चौरस मीटरमधून जाणारा माल = देवाणघेवाणीचा वेग × (पाण्यातलं प्रमाण − हवेतलं प्रमाण ÷ हेन्री स्थिरांक). कंसातली वजाबाकी धन आली तर माल हवेत, ऋण आली तर पाण्यात. इथं हेन्री स्थिरांक युनिट नसलेल्या रूपात घ्यायचा, आणि तो तापमानाने बदलतो, गार पाण्यात बराच कमी होतो, त्यामुळं पुस्तकातला २५ अंशाचा आकडा उचलून ध्रुवापर्यंत वापरला तर सगळंच चुकतं.

पीएफओएस आणि त्याच गटातलं पीएफओए यांची गोष्ट आणखी वेगळी. पाण्यात ते विद्युतभारित रूपात असतात, हवेत जवळजवळ जातच नाहीत, आणि ऑक्टेनॉल-पाणी गुणोत्तर त्यांना नीट लागूच पडत नाही कारण साबणासारखं एक टोक पाण्याला धरणारं आणि एक टाळणारं असतं. ते मुख्यतः पाण्याबरोबर जातात, पाणी बुडालं की तेही बुडतात. फक्त एक वाट लक्षात ठेवा, लाटा फुटताना जे बारीक तुषार उडतात त्यांच्यावर ही केमिकल्स गोळा होतात आणि किनाऱ्याकडं परत येतात. मिरामारला पावसाळ्यात उभं राहिलं की चष्म्यावर जो खारट थर बसतो ना, तीच वाट.

पायरी ३: एकच बॉक्स

आता पहिलं खरं मॉडेल. पायरी १ मधला तोच ५० मीटरचा थर हा एक बॉक्स समजा. घरखर्चाच्या वहीसारखं आहे हे, महिन्याला किती आले, किती गेले, किती उरले. फक्त इथं जमेच्या बाजूला नद्या, हवा आणि शेजारच्या समुद्रातून येणारं पाणी, आणि खर्चाच्या बाजूला बाहेर जाणारं पाणी, हवेत उडणारं, कणांबरोबर खाली बुडणारं आणि तुटणारं.

समजा (आकडे सरावासाठी घेतलेत, मोजलेले नाहीत) दर वर्षी १० टन येतं. बाहेर जायचे दर (बॉक्समध्ये असलेल्या मालाचा वर्षाला कितवा भाग जातो ते): पाण्याबरोबर ०.५, हवेत ०.२, कणांबरोबर ०.१, तुटणं शून्य. दरांची बेरीज ०.८. मग काही वर्षांनी माल किती होऊन स्थिरावेल? १० ÷ ०.८ = १२.५ टन. पायरी १ वरून लिटरला साधारण ६५ पिकोग्रॅम. स्थिरावायला किती वेळ? ३ ÷ ०.८, म्हणजे पावणेचार वर्षांत ९५ टक्के. उद्या कारखाने बंद झाले तर निम्मं व्हायला? ०.६९३ ÷ ०.८, म्हणजे दहा-साडेदहा महिने.

हे पायथनमध्ये दहा ओळींत होतं. नवीन माल = जुना माल + (आलेला − गेलेला) × काळाची पायरी, आणि हे लूपमध्ये फिरवत राहायचं. स्प्रेडशीटमध्ये केलं तरी मला चालेल. पण उत्तर आलं की नुसतं खूश होऊ नका, विचार करा की तुटण्याचा दर शून्य होता! म्हणजे दहा महिन्यांत जे निम्मं झालं ते संपलं नाही, ते फक्त तुमच्या बॉक्सच्या बाहेर गेलं, खालच्या थरात, शेजारच्या समुद्रात, हवेत. पेपरात कधी कधी छापून येतं की अमुक केमिकल समुद्रातून इतक्या वर्षांत नाहीसं होतं, तेव्हा तो आकडा तुटण्याचा आहे की नुसत्या निघून जाण्याचा आहे हे विचारायची सवय लावून घ्या. दोन्ही आकड्यांत शेकडो वर्षांचा फरक असू शकतो.

एक बॉक्स जमला की दुसरा जोडा, वरचा थर आणि खालचा थर. मग हवा, गाळ. कॅनडाचे डॉन मकाय यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटापासून अशाच बॉक्सांची मॉडेल्स फ्युगॅसिटी या कल्पनेवर उभी केली, फ्युगॅसिटी म्हणजे एका ठिकाणाहून निसटून दुसरीकडं जायची केमिकलची ओढ. आजही एखादं नवं केमिकल टिकाऊ आहे का, लांब जातं का हे ठरवायला पहिली चाळणी अशाच मॉडेलची लावतात. तेव्हा बॉक्स मॉडेल म्हणजे बालवाडी असं समजू नका.

पायरी ४: माल येतो कुठून, किती

सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि सगळे हीच टाळतात. प्रवाहांचा डेटा उत्तम मिळतो, केमिकलचे गुणधर्म बऱ्यापैकी मिळतात, पण समुद्रात दर वर्षी किती माल गेला हे कुणी वजन करून ठेवलेलं नसतं. पीसीबीचं बघा, १९३० च्या आसपासपासून जगात एकूण साधारण १३ लाख टन बनलं, त्यातलं ९७ टक्के उत्तर गोलार्धात वापरलं गेलं, इथपर्यंत ठीक. पण त्यातलं वातावरणात नेमकं किती सुटलं याच्या खालच्या आणि वरच्या अंदाजांत शंभर पटीहून जास्त फरक आहे. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात बंद राहिलेलं वेगळं, इमारतींच्या भेगा भरायच्या मसाल्यात घातलेलं वेगळं, जुनं भंगार जाळलं तर आणखी वेगळं.

त्यामुळं एकाच आकड्यावर मॉडेल चालवू नका. खालचा, मधला, वरचा, तीन वेळा चालवा. आणि काळाचा आराखडा करा: उत्पादन कधी सुरू झालं, कधी शिखर गाठलं, बंदी कधी आली. तारखा सापडतात. अशा टिकाऊ केमिकल्सवर बंदी-नियंत्रण आणणारा स्टॉकहोम करार २००१ साली झाला तेव्हा त्यात १२ केमिकल्स होती, तो २००४ साली लागू झाला, पीएफओएस त्यात २००९ साली आलं आणि पीएफओए २०१९ साली. पीएफओएसचा सगळ्यात मोठा उत्पादक असलेल्या अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने ते बंद करत असल्याचं २००० सालीच जाहीर केलं होतं, त्यानंतर उत्पादनाचा मोठा भाग आशियात सरकला. त्यामुळं आराखडा काळाचाही हवा आणि जागेचाही.

या सगळ्या अनिश्चिततेत एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. ही केमिकल्स माणसाने बनवली, निसर्गात नव्हतीच, म्हणजे १९३० साली समुद्रातलं पीसीबी शून्य धरायला काहीच हरकत नाही. क्षार किंवा पोषकद्रव्यांचं मॉडेल करणाऱ्यांना सुरुवातीची स्थिती स्थिरावायला हजारो वर्षं मॉडेल चालवावं लागतं, आपल्याला शून्यापासून सुरू करता येतं.

पायरी ५: प्रवाह, आणि आपला मान्सून

इथं जगभरची ट्यूटोरियल्स आपल्याला दगा देतात, कारण ती बहुतेक अटलांटिकवर बेतलेली असतात. तिथं वर्षाच्या सरासरी प्रवाहावर काम चालवता येतं. अरबी समुद्रात ते अजिबात चालत नाही. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह नैऋत्य मान्सूनमध्ये दक्षिणेकडं वाहतो आणि हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उत्तरेकडं. सोमालियाकडचा प्रवाह तर ऋतूप्रमाणं पार उलटा होतो. आता या दोन्हींची वार्षिक सरासरी काढली तर काय होईल? एकमेकांना काटून जवळपास काहीच उरणार नाही, आणि तुमचं मॉडेल सांगेल की गोव्याच्या किनाऱ्यावर सोडलेला माल तिथंच राहतो. खरं तर जुलैत सोडलेला केरळकडं निघतो आणि डिसेंबरात सोडलेला महाराष्ट्राकडं. म्हणून निदान महिन्या-महिन्याचे प्रवाह घ्या, पाच दिवसांचे मिळाले तर आणखी चांगलं.

वाऱ्याचंही तेच. हवा आणि पाण्यातल्या देवाणघेवाणीचा वेग साधारण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणं वाढतो. एप्रिलमध्ये वारा सेकंदाला ४ मीटर आणि जुलैत भर समुद्रात १२ मीटर असेल तर वेग तिप्पट पण देवाणघेवाण नऊपट. दोन महिन्यांची सरासरी ८, तिचा वर्ग ६४. पण वर्गांची सरासरी ८०. नुसत्या सरासरीने इतका माल हिशोबातून सुटतो.

कणांचंही तेच, म्हणजे बघा, मान्सूनमध्ये खोल पाणी वर येतं, सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्या मेल्या की त्यांचे कण खाली बुडतात आणि पीसीबीसारखी कणांना चिकटणारी केमिकल्स बरोबर नेतात. १९८६ पासून भारत आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी, त्यात दोनापावलाच्या एनआयओचे (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे) लोक होते, अरबी समुद्रात खोल पाण्यात कण गोळा करणारे सापळे लावले आणि दिसलं की वर्षात दोनदा, दोन्ही मान्सूनच्या वेळी, कणांचा मोठा लोंढा खाली जातो. हे मॉडेलमध्ये नसेल तर पीसीबी वरच अडकून राहील.

खाली जायची दुसरीही एक वाट आपल्याकडं आहे. उत्तर अटलांटिकमध्ये पाणी गार होऊन थेट तळाकडं बुडतं आणि पीएफओएससारखं केमिकल बरोबर नेतं. हिंद महासागर उत्तरेला जमिनीने बंद, आपल्याकडं तसं काही होत नाही. पण इराणच्या आखाताचं खारं, जड पाणी होर्मुझमधून येऊन २००-४०० मीटरच्या आसपास पसरतं आणि तांबड्या समुद्राचं पाणी त्याहून खाली, ५००-८०० मीटरवर. पृष्ठभागावर काल-परवा असलेलं पाणी असं थेट मधल्या थरात पोचतं, त्याच्याबरोबर त्यातलं केमिकलही.

नद्यांचं थोडक्यात: मांडवी आणि जुवारी पावसाळ्यात जवळपास गोड्या होतात आणि उन्हाळ्यात भरती आत खोलवर शिरते, मांडवीत गांजेपर्यंत, मुखापासून जवळपास ५० किलोमीटर. त्यामुळं नदीतून येणारा माल बारा महिन्यांत सारखा वाटू नका, पावसाच्या चार महिन्यांत जास्त टाका.

पायरी ६: ग्रिड, आणि गणिताने आपोआप होणारी गळती

समुद्राचे चौकोन पाडले की प्रत्येक चौकोन म्हणजे पायरी ३ मधला बॉक्सच, फक्त लाखो. एक नियम पाळावा लागतो, एका काळाच्या पायरीत पाण्याने एका चौकोनापेक्षा जास्त अंतर जायचं नाही, नाहीतर आकडे फुटतात. एक अंशाचं ग्रिड म्हणजे विषुववृत्ताजवळ १११ किलोमीटर, प्रवाह सेकंदाला एक मीटर, म्हणजे काळाची पायरी ३१ तासांपेक्षा लहान हवी. अंशाचा बारावा भाग घेतला की अडीच तास. मॉडेल फुटलं तर निदान दिसतं तरी.

न दिसणारी भानगड वेगळीच आहे. सगळ्यात सोपी अपविंड पद्धत (पाणी ज्या बाजूने येतं त्या चौकोनातलं प्रमाण घ्यायचं) वापरली की माल आपोआप पसरतो, खऱ्या समुद्रात नसलेलं मिसळणं गणितामुळं तयार होतं. किती? साधारण वेग × चौकोनाची लांबी ÷ २. उभ्या दिशेचं उदाहरण घ्या: थर १०० मीटरचे, पाणी वर येतंय दिवसाला साधारण एक मीटर. हिशोब केला तर खोटं मिसळणं सेकंदाला जवळपास ०.०००५८ चौरस मीटर येतं. खऱ्या समुद्रात पृष्ठभागाखालच्या त्या थरात मिसळणं असतं ०.००००१ च्या आसपास. म्हणजे खोटं खऱ्याच्या पन्नास पटीहून जास्त! मग मॉडेल दाखवतं की केमिकल झपाट्याने मिसळत गेलं, आणि लोक त्यावरून समुद्र किती चटकन स्वच्छ होतो असे निष्कर्ष काढतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण निष्कर्ष पुढं धोरणापर्यंत जातात. उपाय: वरचे थर पातळ ठेवा, चांगल्या दर्जाची पद्धत वापरा, आणि एकदा केमिस्ट्री बंद करून नुसता एक ठिपका सोडून तो किती पसरतो ते बघा.

पायरी ७: आता सॉफ्टवेअर

पायथन, त्यात नेटसीडीएफ फाइली (प्रवाहांचा डेटा याच स्वरूपात येतो) वाचायची लायब्ररी, बस. प्रवाहांचा डेटा युरोपच्या कोपर्निकस मरीन सेवेकडून फुकट मिळतो, आपल्याकडं हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र माहिती केंद्राकडंही बघा. पुढं तीन रस्ते आहेत.

ओशनपार्सल्स नावाच्या पायथन लायब्ररीत पाण्याचे काल्पनिक कण सोडून ते कुठं जातात ते बघता येतं. चित्रं सुंदर येतात आणि आपल्याकडं सरावाला आयता विषय आहे, पावसाळ्याच्या तोंडावर कळंगुटपासून कोलव्यापर्यंत किनाऱ्याला लागणारे डांबराचे गोळे. कण किनाऱ्यावरून उलट काळात चालवा आणि ते कुठून आले असतील ते बघा, वाऱ्याचा धक्का धरायला विसरू नका कारण तेल तरंगतं.

दुसरा रस्ता मला नवख्यांसाठी सगळ्यात आवडतो, ट्रान्सपोर्ट मॅट्रिक्स. समर खातीवाला यांनी २००५ साली मांडलेली पद्धत, मोठ्या मॉडेलचे प्रवाह आधीच मॅट्रिक्समध्ये साठवलेले असतात, तुम्ही फक्त मॅट्रिक्सने गुणत जायचं. साधारण २.८ अंशांच्या, १५ थरांच्या ग्रिडचा सगळ्या जगाचा समुद्र साध्या लॅपटॉपवर शतकभर चालवता येतो.

तिसरा, एमआयटीजीसीएमसारखं समुद्राचे प्रवाह स्वतःच काढणारं पूर्ण मॉडेल. त्याला मोठा कॉम्प्युटर आणि शिकवणारा माणूस लागतो, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी घाई करू नका.

पायरी ८: आधी सीएफसी चालवा

तुमचं केमिकल टाकायच्या आधी सीएफसी-११ टाका. फ्रिज-एसीत वापरायचे ते वायू, समुद्रात तुटत नाहीत म्हटलं तरी चालेल, हवेतलं त्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं नोंदलेलं आहे (१९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर वाढ थांबली, १९९० च्या दशकात शिखर आलं) आणि समुद्रातलं प्रमाण जगभर मोजलेलं आहे, ग्लोडॅप नावाच्या फुकट डेटात मिळतं. सीएफसी बरोबर खोलीवर आलं तर तुमचा समुद्र ठीक आहे. नाही आलं तर पीएफओएसचं उत्तर कितीही पटणारं वाटलं तरी ते प्रवाहांच्या चुकीवर उभं आहे.

मग खरं केमिकल चालवा आणि मोजमापांशी ताडून बघा. मोजमापं थोडी आहेत, हिंद महासागरात तर फारच थोडी, आणि पिकोग्रॅममध्ये मोजताना बोटीचा रंग, टेफ्लॉनची टेप, अगदी रेनकोटसुद्धा नमुना खराब करू शकतो, त्यामुळं कोऱ्या नमुन्यांचे (केमिकल नसलेलं शुद्ध पाणी तसंच तपासून आलेले) आकडे दिले आहेत का ते बघून मगच डेटा वापरा. आलेख लॉग स्केलवर काढा. दोन-तीन पटीत जुळलं तर या विषयात चांगलं मानतात. आणि प्रत्येक वर्षाच्या शेवटी एकूण माल छापायला लावा, आलेला वजा गेलेला वजा उरलेला शून्य आलं पाहिजे.

माशांचा प्रश्न लोक विचारणारच, घरचेसुद्धा विचारतात, बांगडा खायचा की नाही. पाण्याच्या मॉडेलवरून याचं उत्तर देऊ नका. पीसीबी चरबीत साठतं आणि लहान माशाकडून मोठ्याकडं जाताना वाढत जातं, पीएफओएस रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना धरतं, त्यासाठी अन्नसाखळीचं वेगळं मॉडेल आणि माशांचीच मोजमापं लागतात. तारली आणि मोरी (लहान शार्क) यांच्यात या बाबतीत खूप फरक असतो. रापणकारांचं पोट ज्या गोष्टीवर आहे तिच्याबद्दल अर्धवट आकडा बाहेर गेला तर बाजार एका दिवसात बसतो, म्हणून इथं फार जपून बोला.

पायरी ९: स्वतःला घालायचा पेपर

अल्फा आणि बीटा एचसीएच, दोन्ही एकाच जागी, एकाच वर्षी, ट्रान्सपोर्ट मॅट्रिक्समध्ये सोडा, फक्त हेन्री स्थिरांक बदला आणि वर हवेचे काही बॉक्स जोडा. अल्फा आधी उत्तरेला पोचायला हवा, आणि हवेतला पुरवठा बंद केल्यावर समुद्रातून परत वर यायला हवा. वर येत नसेल तर हेन्री स्थिरांकाला तापमान जोडलंय का ते तपासा, मग कंसातल्या वजाबाकीची दिशा तपासा. बीटा मागून, पाण्याने यायला हवा. पण बेरिंगची सामुद्रधुनी जेमतेम ८५ किलोमीटर रुंद आणि तुमचा एक चौकोन तिथंही शंभराहून जास्त किलोमीटर रुंद, होर्मुझ आणि बाब-अल-मंदेब तर त्याहून अरुंद. तेव्हा बीटा आर्क्टिकला पोचलाच नाही तर केमिस्ट्रीत चूक शोधत बसू नका, आधी तुमच्या ग्रिडच्या नकाशात आर्क्टिक आहे का आणि त्या सामुद्रधुनीच्या जागी पाणी दाखवलंय की जमीन ते उघडून बघा.